'यीस्टयुक्त' म्हणजे नेमके काय?

पशुखाद्याच्या पोत्यांवर आणि पूरक खुराकाच्या पुड्यांवर 'यीस्टयुक्त' हा शब्द आता सर्रास आढळतो. त्याखाली बहुधा दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात : पचन सुधारते आणि दूध वाढते. आमचा आक्षेप यीस्टला नाही, या शब्दाच्या ढिसाळ वापराला आहे. निदान चार वेगवेगळ्या वस्तू या एकाच नावाखाली विकल्या जातात आणि त्यांची कामेही वेगळी आहेत. विज्ञानात नाव द्यायचे ते वस्तू ओळखू यावी म्हणून. येथे नावच ओळख झाकून टाकते.

वर्धा जिल्ह्यात पुलगावला लागून असलेले नाचणगाव डोळ्यांसमोर आणू. या भागातील गव्हाणीत ज्वारीचा कडबा, सोयाबीन आणि तुरीचे कुटार, सरकीची ढेप, डाळींची चुनी असा खुराक असतो. त्यात यीस्टची पुडी मिसळली तर काय होईल? उत्तर द्यायचे तर आधी 'कोणते यीस्ट?' हे विचारावे लागते.

पहिला प्रकार जिवंत यीस्टचा. पाव फुगवणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसी याच जातीचे निवडक वाण वाळवून वापरतात. त्यांचे मोजमाप वजनाने नव्हे, तर एका ग्रॅममध्ये वाढू शकणाऱ्या पेशी किती यावर करतात. दुसरा प्रकार यीस्ट कल्चरचा : यीस्ट, ते ज्यावर वाढवले ते माध्यम आणि किण्वनात तयार झालेले पदार्थ, हे सारे एकत्र वाळवलेले. यात जिवंत पेशींची संख्या मुख्य नसते. तिसरे मृत यीस्ट, उदाहरणार्थ मद्यनिर्मितीतून उरलेले. त्यात चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे असतात. ते अन्न आहे, पचनाचा मदतनीस नव्हे. चौथा प्रकार पेशीभित्तिकेचा, म्हणजे मॅनन आणि बीटा-ग्लुकान या शर्करासाखळ्यांचा. याखेरीज सेलेनियमयुक्त यीस्टही असते, पण ते खनिज पुरवण्यासाठी.

जिवंत यीस्ट नेमके काय करते? गाईच्या कोठीपोटात सुमारे ३९ अंश सेल्सिअस तापमान असते आणि ऑक्सिजन जवळजवळ नसतो. कडब्यातील सेल्युलोज पचवणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही. चारा-पाण्याबरोबर थोडा ऑक्सिजन आत येतोच. तो यीस्ट श्वसनासाठी वापरून टाकते. १९९६ मध्ये न्यूबोल्ड, वॉलेस आणि मॅकिंटॉश यांनी श्वसनाची क्षमता गमावलेले यीस्ट वापरून पाहिले, तेव्हा जिवाणूंची वाढ तशी झाली नाही. एखादे स्पष्टीकरण कसे तपासावे, याचा हा उत्तम नमुना आहे. शिवाय धान्याचा खुराक जास्त झाला की कोठीपोटात लॅक्टिक आम्ल साचते. ते वापरणाऱ्या जिवाणूंनाही यीस्टची मदत होते. मात्र यीस्ट कोठीपोटात कायमचे वस्ती करीत नाही; ते रोज द्यावे लागते.

आता दुधाकडे वळू. दुभत्या गाईंना यीस्ट देण्याचे प्रयोग नवे नाहीत. एकल्स आणि विल्यम्स यांचा अमेरिकेतील निबंध १९२५ चा आहे. २००९ मध्ये देनोआये आणि सहकाऱ्यांनी दीडशेहून अधिक प्रयोगांचे आकडे एकत्र अभ्यासले. सरासरी वाढ निघाली शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.२ ग्रॅम दूध. ६०० किलोच्या गाईला हा हिशेब सुमारे पाऊण किलोवर जातो. ३५० किलोच्या गाईला ४२० ग्रॅमवर. परिणाम आहे, पण माफक. त्यातही कोठीपोटाच्या आम्लतेवरचा परिणाम खुराकात धान्याचे प्रमाण जास्त असताना अधिक दिसला. वर्ध्याच्या गवळाऊ गाईचे एका वेतातील सरासरी दूधच सुमारे ६०० किलो, आणि तिचा मुख्य आहार वैरणीचा. भरपूर आंबोण खाणाऱ्या संकरित गाईवरचा आकडा जसाच्या तसा तिला लावणे हे गणित नव्हे. तिच्या बाबतीत पुरेसा हिरवा चारा, पाणी आणि क्षारमिश्रण यांचा विचार आधी व्हायला हवा.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. सरकीच्या ढेपेला ओल लागली की बुरशी येते आणि अफलाटॉक्सिन तयार होते. गाईच्या शरीरात त्याचे रूपांतर होऊन काही अंश दुधात उतरतो. यीस्टची पेशीभित्तिका काही बुरशीविषांना बांधून ठेवते खरी, पण अफलाटॉक्सिनच्या बाबतीत बेंटोनाइटसारखी माती सहसा अधिक उपयोगी पडते. 'सर्व विषांवर उपाय' असा मोघम दावा वाचून कुणी बुरसटलेली ढेप गाईपुढे टाकली, तर नुकसान गाईचे आणि दूध पिणाऱ्या मुलांचेही.

जिवंतपणाचा दावा मात्र शाळेत तपासता येतो. तीन बाटल्यांत सारखेच कोमट पाणी आणि एकेक चमचा साखर घ्यावी. पहिलीत बेकरीचे कोरडे यीस्ट, दुसरीत तेवढेच पण पाच मिनिटे उकळून थंड केलेले, तिसरीत काहीच नाही. तोंडांवर फुगे बसवावेत. तासाभरात पहिलाच फुगा फुगू लागतो. गोळी पेंड करताना वाफेने खाद्य ७०-८० अंशांपर्यंत तापते. त्यात साध्या जिवंत यीस्टचे काय होत असेल, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील. मे महिन्यात टिनाखाली ठेवलेल्या पुडीची परीक्षाही अशीच घ्यावी. फुगा फुगला म्हणजे दूध वाढेल असे मात्र सिद्ध होत नाही, हेही सांगावे.

'पुडी दिली आणि दूध वाढले' हा पुरावा नव्हे. विल्यानंतर सहा-आठ आठवडे दूध आपोआप चढते, मग उतरते. पावसाळ्यात हिरवा चारा मिळाला तरी वाढते. म्हणून निम्म्या गाईंना तीन आठवडे पुडी द्यावी, निम्म्यांना देऊ नये. मग अदलाबदल करावी आणि रोजची नोंद ठेवावी. वाढलेल्या दुधाची किंमत पुडीच्या खर्चापेक्षा जास्त आहे का, हे शेवटी वहीच सांगेल.

पोत्यावर यीस्टचा प्रकार, वाण, जिवंत पेशींची संख्या, रोजची मात्रा आणि वापराची मुदत छापलेली असावी, एवढी मागणी अवाजवी नाही. ती दुकानात उभे राहून करता येण्याइतके विज्ञान आपल्या वर्गातून बाहेर पडायला हवे.