सगळी सोय आत

सोय या विषयावर बोलण्याचा अधिकार मला जन्मानेच मिळालेला आहे, कारण मी सोयगावचा. गावात सोय किती आणि नावात किती, हा प्रश्न वेगळा. शिवाय मी बँकेत कारकून आहे. म्हणजे दुसऱ्यांची सोय पाहण्याचाच मला पगार मिळतो, असे निदान काउंटरपलीकडच्या लोकांचे मत आहे. या दुहेरी अधिकाराने मी आज ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ नावाच्या कलाप्रकाराची समीक्षा करणार आहे. नाटकाची समीक्षा होते, गाण्याच्या मैफलीची होते. मग समुद्रकाठच्या तीन रात्री, चार दिवसांच्या मुक्कामाची का होऊ नये? त्याचे तिकीट नाटकापेक्षा कितीतरी महाग असते, आणि नाटक पडले तर मध्यंतरात उठून घरी जाता येते, तशी सोयही इथे नसते.

प्रकार असा. पैसे आधी एकरकमी भरायचे. मग खोली, न्याहारी, जेवणे, चारचा चहा, पोहण्याचा तलाव, मुलांचे खेळ, रात्रीची गाणी, सगळे त्यातच. खिशात हात घालायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या भाषेत नुसती खोली घेतली तर तो युरोपियन प्लॅन, न्याहारी धरली की कॉन्टिनेंटल, आणखी एक जेवण धरले की मॉडिफाइड अमेरिकन आणि तिन्ही वेळा जेवलात की अमेरिकन. बी.कॉम.ला हे आम्हाला कुणी शिकवले नाही. युरोपियन माणूस उपाशी झोपतो आणि अमेरिकन तीनदा जेवतो, एवढाच मी त्यातून बोध घेतला. आमच्याकडे या सगळ्याला ‘लग्नाला आलेत’ असे म्हणतात. उतारा, चहा, पंगत, बँड, सगळे धरून. फक्त तिथे आहेर नंतर देतात, इथे आधी.

या कलाप्रकाराचे घराणे तसे जुने आहे. १९५० साली जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन गृहस्थाने भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर लष्करी तंबू ठोकून ‘क्लब मेड’ काढला. पुढे तिथे पोहायच्या कपड्यांत पाकीट कुठे ठेवायचे, ही अडचण निघाली, म्हणून बारमधले पैसे गळ्यातल्या माळेचे मणी तोडून द्यायची पद्धत पडली. हे वाचल्यापासून आमच्या हेड कॅशियरना रात्री झोप नाही. संध्याकाळी मणी जुळवायचे कसे, ही त्यांची काळजी. मग ही विद्या कॅरिबियन बेटांवर गेली आणि तिथे खरी फोफावली. जमैकात एअर कंडिशनर विकणाऱ्या गॉर्डन स्टुअर्ट या व्यापाऱ्याने १९८१ साली माँटेगो बे इथे ‘सँडल्स’ उघडले, ते फक्त जोडप्यांसाठी. जोडप्यांना पुढे मुले होतात हा निसर्गनियम लक्षात घेऊन १९९७ साली त्यांनी ‘बीचेस’ काढले, ते सहकुटुंब.

आम्हाला जमैका ठाऊक तो क्रिकेटमुळे. १९७१ साली वाडेकरांचा संघ तिकडे मालिका जिंकून आला आणि किंग्स्टनला दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, हे आमच्या घरी वडील पाढ्यांबरोबर म्हणून घेत. सरदेसाईंचा जन्म मडगावचा. तेव्हा जमैका नाही तर मडगाव, असा मध्यममार्ग मी काढला. बँकेची एलएफसी, म्हणजे रजेतल्या प्रवासाची सवलत, खात्यावर पडून होती. त्यात भाडे मिळते; उतरल्यावर कुठे राहायचे ते ज्याचे त्याने बघायचे. भुसावळला मंगला एक्स्प्रेस धरली आणि आई, सौ., मुलगी, मुलगा आणि मी असे पाच जण मडगावला उतरलो. हॉटेलचे नाव सांगत नाही. समीक्षकाने प्रकारावर बोलावे, पात्रावर नाही.

पहिल्या अंकातच आमच्या मनगटांवर प्लास्टिकचे निळे पट्टे चढले. निळा म्हणजे तिन्ही वेळचे, पिवळा म्हणजे नुसती न्याहारी. पट्टा निघत नाही. जाताना कात्रीने कापतात. आईने विचारले, “हा कशाचा गंडा?” म्हटले, “जेवणाचा.” ती म्हणाली, “मग उपास कसा मोडायचा नि धरायचा कसा?” याचे उत्तर माहितीपत्रकात नव्हते. माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत तारांकित ओळी होत्या. बँकेतला माणूस वाचायला सुरुवात तिथूनच करतो. कपडे धुणे, खोलीतल्या फ्रिजमधली चॉकलेटे, पाण्यावरची स्कूटर आणि वजनावर मिळणारी मासळी ‘सगळ्यात’ धरलेली नव्हती. ‘सगळे’ या शब्दाला इतके अपवाद मी फक्त कर्जमाफीच्या परिपत्रकात पाहिले आहेत.

आता या प्रकाराचा मुख्य दोष. हिशेब विसरायला लावणे हा त्याचा दावा, आणि त्याने होते नेमके उलटे. पैसे आधी भरलेले असले की माणूस पाहुणा राहत नाही, वसुली अधिकारी होतो. घरी एका पोह्यांच्या बशीवर उठणारा मी सकाळी पोहे, इडली, डोसा, ऑम्लेट, उपमा, टोस्ट आणि कसलेतरी लाल सरबत एवढ्यांची जप्ती करून बाहेर पडलो. साडेबाराला पुन्हा हजर. मुलाने एका दुपारी नऊ रंगीत सरबते वसूल केली आणि रात्री त्यांतली सात परत केली. शेजारच्या टेबलावरचे जळगावकडचे एक गृहस्थ तर भूक नसताना निव्वळ कर्तव्यभावनेने जिलबी खात होते. पोट हे बचत खाते आहे. त्यात एका दिवसात मुदत ठेव ठेवता येत नाही, हे मी त्यांना सांगणार होतो, पण माझे तोंड भरलेले होते.

बरे, पदार्थ कुठले? पनीर, पास्ता, छोले, नूडल्स, गुलाबजाम. हेच मी संभाजीनगरच्या मंगल कार्यालयात उभ्याने खाल्ले आहे, तेही पाकीट देऊन. गोव्यात येऊन खतखते नाही, पातळ भाजी-पाव नाही. सोलकढी एकदा दिसली, तीही ‘वेलकम ड्रिंक’ म्हणून, छत्री लावून. मुलांची व्यवस्था मात्र चोख. सकाळी ‘किड्स क्लब’मध्ये सही करून जमा करायची, दुपारी सही करून परत घ्यायची. आमच्या लॉकरला इतकी शिस्त नाही. तिथे, समुद्रापासून पन्नास पावलांवर, एसी खोलीत बसून आमचा चिरंजीव कागदाचा खेकडा करायला शिकला. खरे खेकडे बाहेर वाळूत हिंडत होते. त्यांना पट्टा नव्हता.

समीक्षकाने जमेची बाजूही मांडली पाहिजे, आणि ती मोठी आहे. पहिल्या रात्री सौ. जेवायला बसली ती जेवण होईपर्यंत उठली नाही. मी चमकलो. आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली. रोज दोन वेळा म्हणजे साडेचौदा हजारांवर स्वयंपाक. एवढ्या स्वयंपाकांत तिला गरम पोळी ताटात पडलेली मी पाहिल्याचे आठवत नाही. परतताना गाडीत मी विचारले, “काय आवडलं?” मला वाटले, समुद्र म्हणेल. ती म्हणाली, “अहो, चार दिवस ‘आज काय करू?’ हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.” या एका वाक्यासाठी मी या प्रकाराचे निम्मे गुन्हे माफ करतो. ही सोय विकत घ्यायला भुसावळहून मंगला पकडावी लागते, यात हॉटेलचा काही दोष नाही.

उरलेले निम्मे गुन्हे मात्र फाटकापाशी घडतात. तिसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पों-पों असा भोंगा ऐकू आला, म्हणून आम्ही दोघे निघालो. फाटकावरचा रखवालदार काळजीने म्हणाला, “साब, अंदर सब कुछ है.” आम्ही तरी गेलो. सायकलवर पाववाला होता. त्याला तिकडे पोदेर म्हणतात. मागच्या मोठ्या करंड्यात गरम पाव आणि पोई. पोई म्हणजे कोंडा घातलेली, फुगलेली, आतून पोकळ भाकरीच म्हणा ना. मी पन्नासची नोट दिली, त्याने मोड परत केली. चार दिवसांतला तो माझा एकमेव रोखीचा व्यवहार, आणि खरे सांगतो, बरे वाटले. पैसे देताघेताना माणूस निदान दोन शब्द बोलतो. त्याने विचारले, “तुमी खंयचे?” म्हटले, “सोयगाव.” त्याला कळेना. “अजिंठ्याजवळ,” म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. तो अजिंठ्याला येऊन गेला होता. सोयगाव पाहिले नव्हते.

हे आम्हाला नवीन नाही. लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात, नाव मात्र सिल्लोड तालुक्यातल्या गावाचे. जगभरचे लोक येतात, फर्दापूर फाट्यावर उतरतात, बसने वर जातात, चित्रे पाहतात आणि संध्याकाळच्या आत परत. फाटकाबाहेरचे गाव असणे म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. फरक एवढाच की आमच्याकडे पाहुण्यांना कुणी कोंडत नाही. ते आपणहून निघून जातात.

आणि कोंडण्याची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जमैकात १९५६ च्या किनारा कायद्यापासून सामान्य माणसाला समुद्रावर जाण्याचा सरसकट हक्क नाही. हॉटेलांच्या भिंती वाढल्या तशी तिथली माणसे आपल्याच समुद्राला पारखी झाली, आणि ते आता कोर्टात भांडताहेत. आपल्याकडे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पणजीजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे हॉटेलच्या आवारातून जाणारी वाट लोकांना खुली ठेवलीच पाहिजे, असा निकाल दिला. त्या वाटेवरून कोण गेले असेल? जाळे घेऊन कुणी, पोरांना घेऊन कुणी. पट्टा नसलेलीच माणसे.

तेव्हा माझे मत असे. जावे, जरूर जावे, घरातल्या बाईला तर आधी न्यावे. पण प्लॅन मॉडिफाइड अमेरिकन घ्यावा. एक जेवण फाटकाबाहेर ठेवावे आणि ते गावात शोधावे. वसुली थोडी कमी होईल. ती बुडीत खात्यात टाकावी.

आणि लेणी पाहायला आलात तर फर्दापूरहून परत फिरू नका. पुढे सोयगावला या. वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी मिळेल. ती कुठल्याही प्लॅनमध्ये धरलेली नाही. पण खाल्ल्याशिवाय आई सोडत नाही. स्वयंपाक त्या दिवशी कुणी करायचा, हे तेवढे अजून ठरायचे आहे.