रेटिंग, अवधान आणि न्याय : ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धांतील प्रवेशाचा एक नैतिक प्रश्न

एखादी व्यक्ती रोज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत, मुलाचा अभ्यास घेत किंवा लोकलच्या गर्दीत उभ्याने मोबाईलवर बुद्धिबळाचे डाव खेळते. या डावांतून तिचे रेटिंग १४५० च्या आसपास स्थिरावते. रविवारी सकाळी मात्र ती खोलीचे दार लावून बसते आणि १५०० पर्यंत रेटिंग असलेल्यांसाठीच्या ऑनलाइन स्पर्धेत उतरते. तिने एकही नियम मोडलेला नाही, संगणकाची मदत घेतलेली नाही, एकही डाव मुद्दाम हरलेला नाही. तरीही समोरच्या खेळाडूंवर अन्याय झाला काय, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. याची उलट बाजूही आहे. रेटिंग शांत चित्ताने मिळवायचे आणि स्पर्धा मात्र दूरदर्शन संच चालू ठेवून खेळायची, हे कितपत रास्त?

या प्रश्नाला सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर हेतूवर बोट ठेवते. खालच्या गटात शिरून पारितोषिक पटकावता यावे म्हणून मुद्दाम डाव हरणे व रेटिंग पाडणे याला बुद्धिबळजगतात ‘सँडबॅगिंग’ म्हणतात आणि ते निषिद्ध आहे. हेतू नसेल तर दोष नाही, असा या उत्तराचा मथितार्थ होय. हे उत्तर सोयीचे असले तरी अपुरे आहे. रेटिंग ही वस्तू मुळात काय मोजते, हे त्यात विचारलेच जात नाही.

आज प्रचलित असलेल्या रेटिंगपद्धतींचे मूळ अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांच्या कार्यात आहे. त्यांची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक संघटना ‘फिडे’ने १९७० मध्ये स्वीकारली. खेळाडूचा प्रत्येक डाव सारख्याच दर्जाचा होत नाही, त्याची कामगिरी एका सरासरीभोवती वरखाली होत राहते, हे एलो यांचे गृहीतक होते. या चढउतारात झोप, आजार, कंटाळा, विचलित मन हे सारे सामावलेले आहे. म्हणजे रेटिंग हे खेळाडूच्या बुद्धीचे प्रमाणपत्र नव्हे. विशिष्ट परिस्थितीत त्याने मिळविलेल्या निकालांचा तो गोषवारा असतो. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मिळालेले १४५० हे त्या शिट्ट्यांसकट १४५० आहे. नेहमी विचलित अवस्थेत खेळणारी व्यक्ती स्पर्धाही त्याच अवस्थेत खेळत असेल, तर तिच्या प्रवेशात काहीही गैर नाही. तिचे रेटिंग पूर्णतः प्रामाणिक आहे.

अन्याय सुरू होतो तो परिस्थिती बदलल्यावर. दार लावून खेळताना त्या व्यक्तीचे खरे बळ १७०० चे आहे असे मानू. समोर १४०० चा खेळाडू आला, तर एलोच्या सूत्रानुसार शंभर डावांतून तिला सुमारे ८५ गुण अपेक्षित आहेत. पटलावर दिसणाऱ्या १४५० या आकड्यावरून काढल्यास ही अपेक्षा ५७ च्या आसपास येते. या दोन आकड्यांमधील तफावत समोरच्याच्या पदरातून जाते, आणि ती तफावत हेतूवर अवलंबून नाही. मुद्दाम हरून रेटिंग पाडणारा आणि मुलाचा अभ्यास घेता घेता हरणारा, दोघांपुढे बसलेल्या खेळाडूचे नुकसान सारखेच.

ग्लिकोपद्धती येथे उपयोगी पडेल, असे कोणी म्हणेल. मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत रेटिंगबरोबर त्याची अनिश्चितताही मोजली जाते. तिची सुधारित आवृत्ती ‘लिचेस’ या संकेतस्थळावर वापरली जाते व तीत कामगिरीतील अस्थिरतेचीही नोंद होते. परंतु ही पद्धत अस्थिरता नोंदवते, तिचे कारण जाणत नाही. एकाच नावाखाली दोन खेळाडू आहेत, आणि आज त्यांपैकी कोण बसला आहे, हे तिला कळण्याचा मार्ग नाही.

तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) या ग्रंथात खेळ बिघडवणाऱ्यांचे केलेले वर्गीकरण या संदर्भात तपासून पाहण्याजोगे आहे. लबाड खेळाडूला साध्य हवे असते, नियम नको असतात. चाळा म्हणून खेळणारा नियम पाळतो, पण साध्याची त्याला आस नसते. खेळ उधळणाऱ्याला दोन्ही नको असतात. विचलित खेळाडू यांपैकी कोणत्याच कप्प्यात बसत नाही. त्याला जिंकायचे आहे, तो नियमही पाळतो, पण त्याचे अवधान अन्यत्र आहे. सूट्स यांच्या मांडणीत इच्छा आणि अवधान यांतील हे अंतर निसटते. बैठ्या खेळासाठी एकमेकांसमोर बसावेच लागे, तोवर ते फारसे जाणवलेही नसावे. समोर माणूस असताना भाजी निवडत खेळणे अवघड असते. फिडेचे नियमही प्रतिस्पर्ध्याला विचलित करण्यास मनाई करतात. खेळाडूने स्वतः एकाग्र असले पाहिजे, असे बंधन त्यांत नाही.

लिचेसच्या ‘अरीना’ स्पर्धांत आपला निम्मा वेळ स्वेच्छेने सोडून देण्याची मुभा आहे. असे करून जिंकल्यास एक जादा गुण मिळतो. पूर्वी युरोपात बलवान खेळाडू एखादे प्यादे वा मोहरे देऊन खेळत असत, त्याचाच हा आधुनिक अवतार. स्वतःला दुबळे करून घेणे बुद्धिबळाला वर्ज्य नाही, हे यावरून दिसते. मात्र येथे सवलत उघड असते. घड्याळ समोरच्यालाही दिसते. मनातील दूरदर्शन संच कोणालाच दिसत नाही.

उलट बाजूचा, म्हणजे स्पर्धेत विचलित होऊन खेळण्याचा विचार करताना तिसऱ्या पक्षाकडे पाहावे लागते. निष्काळजीपणे हरणाऱ्याचे स्वतःचे रेटिंग जाते, ते त्याने भोगावे. पण त्याच्याकडून फुकटचा गुण मिळालेला खेळाडू क्रमवारीत वर सरकतो आणि ज्याची त्या उदार माणसाशी गाठच पडली नाही, तो मागे पडतो. खेळाडूच्या हाताबाहेरचा व्यत्यय वेगळा मानला पाहिजे, आणि तो तसा मानलाही गेला आहे. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा इंटरनेट संपर्क तुटला, तेव्हा फिडेने भारत व रशिया यांना संयुक्त विजेते घोषित केले. त्या निर्णयावर वाद झाला, पण दूरदर्शन संच स्वतःच्या हाताने चालू करणाऱ्याला त्याचा आधार घेता येणार नाही.

उपाययोजना अर्धवट आहेत. अमेरिकन महासंघाने रेटिंगला तळ घातला आहे. एकदा १९४१ गाठलेला खेळाडू सामान्यतः १७०० च्या खाली मोजला जात नाही. लिचेसवरील मर्यादित स्पर्धांत गेल्या आठवड्यातील सर्वोच्च रेटिंग पाहिले जाते. रविवारी वर चढलेले रेटिंग सोमवार ते शनिवार लोकलमध्ये उतरवून पुन्हा रविवारी हजर होणाऱ्याला हा आठवड्याचा हिशेब नेमका कडेवर सापडतो किंवा नेमका कडेवरून निसटतो. विचलित अवस्थेतील डाव रेटिंगविरहित खेळावेत, तशी सोय संकेतस्थळांवर असतेच, हा त्याहून साधा मार्ग होय.

या मार्गाची किंमत मात्र सर्वांना सारखी पडत नाही. ज्याच्या घरात दार लावून घेता येते, त्याने हा सल्ला देणे सोपे आहे. जिच्या वाट्याला आठवड्यात एकच निवांत सकाळ येते, तिने एरवीचे सारे डाव बिनमोलाचे मानावेत, असे म्हणणे म्हणजे रेटिंग ही निवांतपणाची मिरास ठरवणे होय. तिने त्या एका रविवारी स्पर्धेत उतरून जिंकले, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. तिचे रेटिंग त्या निकालांनी वर जाईल, आणि पुढच्या स्पर्धेत तिला त्या नव्या आकड्याने ओळखले जाईल. आक्षेप आहे तो हा आकडा दर आठवड्याला गर्दीत हरवून परत येण्याला, आणि तसे होत आहे हे तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला कळू शकत नाही.