भट्टी थंडावल्यानंतर

जुना किल्ला ढासळला तर आपण हळहळतों; जुना कारखाना बंद पडला तर भंगारवाल्यास बोलावितों. ही रीत जर्मनींतील ड्यूसबर्ग शहरीं मोडली गेली, म्हणून तेथील उद्यानाचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मायडेरिख भागांतील थायसेन यांचा लोखंड गाळण्याचा कारखाना १९०१ मध्यें उभा राहिला व १९८५ मध्यें थंडावला. तो पाडूं नये असा नागरिकांनीं आग्रह धरिला. पुढें पेटर लाट्स या रचनाकाराच्या योजनेप्रमाणें सुमारें १८० हेक्टरांचें उद्यान सिद्ध होऊन १९९४ मध्यें लोकांस खुलें झालें.

लाट्स यांचें कौशल्य त्यांनीं काय केलें यापेक्षां काय टाळलें यांत अधिक आहे. भट्ट्यांचा गंज त्यांनीं खरवडला नाहीं. लोखंड ओतण्याच्या खड्ड्यांस ज्यांचें अस्तर होतें त्या ४९ अवजड लोखंडी फरश्यांचा त्यांनीं चौक मांडिला. तप्त रसानें त्यांवर उमटविलेल्या खुणा तशाच आहेत. वायूच्या टाकींत पाणी भरून आतां लोक बुडी मारावयास शिकतात, खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहणाचे धडे चालतात. जुन्या एम्शर नदीचें उघडें गटार झालें होतें. सांडपाणी जमिनीखालून नेऊन वरच्या पात्रांत पावसाचें पाणी सोडिलें आहे.

परंतु १९९६ मध्यें जोनाथन पार्क यांनीं योजिलेली रंगीत रोषणाई आम्हांस रुचत नाहीं. ज्या भट्टीस स्वतःच्या आगीचा उजेड होता तिला निळे-हिरवे दिवे लावणें म्हणजे रणांतून परतलेल्या म्हाताऱ्या शिपायास नाटकाचा पोशाख चढविणें होय. शिवाय प्रेक्षक यंत्राची उंची पाहतो. यंत्रापुढें घाम गाळणारा माणूस त्याच्या नजरेस पडावा अशी पुरेशी तजवीज या रचनेंत नाहीं.

हा दोष काढितांना आम्हांस संकोचही वाटतो. कारण मुंबईच्या गिरणगांवांत यंत्रेंही फारशीं उरलीं नाहींत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. लाट्स यांची योजना निवडली गेली त्याच १९९१ सालीं मुंबईंत नियम झाला कीं, गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठीं, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठीं व उरलेला मालकासाठीं असावा. २००१ मध्यें ही वांटणी केवळ आधींच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती ठेविली. इमारतींखालची जमीन वगळली. २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हा फरक मान्य केला. भिंतीस भिंत लावून बांधलेल्या गिरणींत मोकळी जमीन ती किती असणार!

लोअर परळास कांहीं धुराडीं अजून उभीं आहेत. त्यांच्या भोंवतालच्या उंच इमारतींच्या आवारांत शिरावयाचें तर दारावरच्या पहारेकऱ्यास काम सांगावें लागतें. ड्यूसबर्गच्या उद्यानास रात्रीही फाटक लागत नाहीं, व तिकीटही पडत नाहीं.