शिकायचे कोणी? : मराठी साहित्यातील नागर-अनागर संघर्षाची एक बाजू

प्रस्तावना

‘नागर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘नगरातील’ एवढाच आहे. व्यवहारात मात्र त्याला ‘सुसंस्कृत’ हा अर्थ चिकटला. याउलट ‘ग्राम्य’ म्हणजे ‘गावातील’. पण संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्यत्व’ हा एक काव्यदोष मानला, आणि मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त पददोषांच्या यादीत त्याची रीतसर नोंद झाली. म्हणजे नगर आणि नगराबाहेरचा माणूस यांची गाठ पडण्यापूर्वीच भाषेने निकाल देऊन ठेवलेला असतो. आधुनिक मराठी साहित्यातील नागर-अनागर संघर्षाचा विचार करताना हा पूर्वग्रह लक्षात ठेवणे आवश्यक ठरते.

या संघर्षाची चर्चा आपल्याकडे सामान्यतः राहणी, बोली, जात आणि नीतिकल्पना यांतील भेदांच्या अंगाने होते. ती योग्यच आहे; परंतु भेद असला म्हणजे संघर्ष होतोच असे नाही. दोन जगे समोरासमोर आली असता शिकण्याचे कष्ट कोणी घ्यायचे, हा प्रश्न संघर्षाच्या मुळाशी असतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी ‘बनगरवाडी’ (1955), ‘कोसला’ (1963) आणि ‘कन्यादान’ (1983) या तीन कलाकृतींचा येथे विचार केला आहे.

शिकणारा मास्तर

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील तरुण मास्तर पुण्या-मुंबईचा नव्हे. तरीही माणदेशातील धनगरांच्या त्या वाडीत तो शाळा, सरकार आणि लेखणी यांचा प्रतिनिधी म्हणून येतो, आणि वाडीच्या दृष्टीने तो बाहेरचाच असतो. शाळेत मुले नाहीत, कारण मुले मेंढरांमागे आहेत. नागर दृष्टीने याला अनास्था म्हणता आले असते. माडगूळकर तसे म्हणत नाहीत. मेंढरावर जगणाऱ्या घरात मुलाचे हात ही गरज असते, हे मास्तराला हळूहळू उमगते आणि त्याच्याबरोबर वाचकालाही.

कादंबरीत शिकवण्याच्या कामापेक्षा मास्तराच्या शिकण्यालाच अधिक जागा मिळालेली आहे. वाडीचा कारभारी, रामोशी आनंदा, आयबू ही माणसे त्याला आपल्या जगाचे नियम समजावून देतात, तेही मुद्दाम न समजावता. कारभाऱ्याच्या मुलीसंबंधी निर्माण होणारा गैरसमज हा या शिक्षणातील कठीण धडा होय. आपला हेतू शुद्ध असणे पुरेसे नसते, आपल्या वागण्याचा त्या जगात कोणता अर्थ लावला जाईल हेही कळावे लागते, हे मास्तराला तेथे कळते. गावाच्या श्रमातून उभी राहणारी तालीम हे या परस्परविश्वासाचे फळ आहे. शेवटी दुष्काळ वाडी रिकामी करतो. दोन संस्कृतींनी जोडलेला धागा निसर्ग आणि दारिद्र्य यांच्यापुढे टिकत नाही, याची लेखकाला पुरेपूर जाणीव आहे. म्हणूनच ही कादंबरी स्वप्नरंजनात अडकत नाही.

शिकण्यास नकार

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त प्रवासाची दिशा उलट आहे. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी पुण्यास येतो. येथे शिकण्याचे सर्व कष्ट त्याच्या एकट्यावर पडतात. वसतिगृह, मेस, स्नेहसंमेलन, मित्रांच्या मैफली या सर्व ठिकाणी नगराने आपले संकेत आधीच ठरवून ठेवलेले आहेत. नवागताने ते आत्मसात करावेत अशी अपेक्षा आहे. नवागताच्या सांगवीविषयी मात्र कोणाला फारसे कुतूहल नाही. प्रारंभी पांडुरंग उत्साहाने हे संकेत उचलतो, पुढाकार घेतो, पदरचे पैसे घालवतो आणि फसतो. त्याच्या बोलण्यातील उपरोध हा या फसगतीतून जन्मलेला आहे. त्याला केवळ तरुणाचा चक्रमपणा समजणे ही नागर समीक्षेची सोय ठरेल.

पांडुरंगाची शोकांतिका मात्र पुण्यात संपत नाही. धाकट्या बहिणीच्या मृत्यूने गावाकडचे घरही त्याला परके होते, आणि परतल्यावर तो तेथे पूर्वीसारखा सामावत नाही. नगराने त्याला स्वीकारले नाही, पण गावाकडे पाहण्याची त्याची नजर मात्र बदलून टाकली. एकतर्फी शिकण्याची ही किंमत आहे. ‘कोसला’ नगरविरोधी आणि ग्रामपूजक कादंबरी आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी तिचा हा उत्तरार्ध पुन्हा वाचणे इष्ट ठरेल.

दिवाणखान्यातील दर्शन

विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’मध्ये समाजवादी नेते नाथ देवळालीकर यांची मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी विवाह करते. आई सेवा आणि भाऊ जयप्रकाश साशंक असताना नाथ या विवाहाचे स्वागत करतात, कारण त्यांना त्यात आपल्या तत्त्वांची प्रत्यक्ष सिद्धता दिसते. पुढे अरुण ज्योतीला मारहाण करतो, नाथांचा आदर्शवाद कोसळतो, आणि अखेरीस ज्योतीच वडिलांना त्यांच्या आदर्शवादाचा जाब विचारते.

या नाटकाने दलित तरुणाचे विकृत चित्र रंगवले, हा आक्षेप प्रसिद्ध आहे. नाटकाचे खरे लक्ष्य नाथांचा भाबडेपणा आहे, हा त्यावरील प्रतिवादही तितकाच प्रसिद्ध आहे. प्रतिवादात तथ्य आहे. अत्याचार सोसलेला माणूस आपोआप सज्जन होतो असे मानणे हीदेखील एक प्रकारची तुच्छताच होय, आणि ती नाटकाने उघडी केली. तथापि आक्षेपाचे तेवढ्याने निराकरण होत नाही. नाटक घडते देवळालीकरांच्या घरात. ज्योतीचे सासर, अरुणचे माणसांतले वावरणे, त्याचा एकांत यांपैकी काहीही रंगमंचावर येत नाही. अरुणला संवाद आहेत, पूर्वजांच्या अवहेलनेचा दाहक उच्चारही आहे. परंतु तो बोलतो ते परक्या दिवाणखान्यात, यजमानांच्या नजरेसमोर. नाथांना आत्मशोध मिळतो, अरुणला केवळ वर्तन मिळते. ‘बनगरवाडी’त निवेदक दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसला होता, येथे दुसऱ्याला आपल्या घरी बोलावून त्याची परीक्षा घेतली जाते.

याच तेंडुलकरांनी 1972 साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या संग्रहास प्रस्तावना लिहिली होती. त्या प्रस्तावनेत त्यांनी आपण या जगाला अपरिचित असल्याची कबुली दिली आणि अनेक शब्दांचे अर्थ कवीलाच विचारले. गोलपिठा तर मुंबई शहरातीलच वस्ती. म्हणजे नगराबाहेरचे जग नगराच्या पोटातही असते. प्रतिष्ठित नागर लेखकाने ‘मला हे ठाऊक नाही’ असे म्हणणे ही मराठी वाङ्मयव्यवहारातील लहान घटना नव्हे. ‘कन्यादान’मध्ये प्रश्न विचारणारा तो तेंडुलकर दिसत नाही, ही खंत नोंदवावीशी वाटते.

अध्यापकांपुढील प्रश्न

हा विचार आपल्या वर्गापर्यंत आणणे क्रमप्राप्त आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची सुमारे 45 टक्के लोकसंख्या नागरी आहे. अर्थात निम्म्याहून अधिक लोक त्या वेळी ग्रामीण भागात राहत होते. महाविद्यालयांत येणारे कित्येक विद्यार्थी आपापल्या परीने सांगवीकरच असतात. तरीही ग्रामीण वा दलित कृती शिकवताना आपण शब्दार्थांची सूची पुरवतो आणि नागर कृतीला तशी सूची लागते असे आपल्या मनातही येत नाही. ‘वाघूर’ वा ‘वाडगं’ यांवर टीप पडते. ‘दिवाणखाना’ सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते. टीप कोणत्या शब्दाला द्यायची हे ठरवताना आपण कोणता वाचक ‘आपला’ आणि कोणता ‘पाहुणा’ हेही ठरवत असतो. माणदेशातून वा मेळघाटातून आलेल्या विद्यार्थ्याच्या घरचा शब्द सूचीत परका म्हणून छापला जातो, तेव्हा मम्मटाची ती जुनी नोंद आपण पुन्हा एकदा करतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, नागर-अनागर संघर्ष रंगवणाऱ्या कलाकृतीचे मूल्यमापन करताना लेखकाची सहानुभूती कोणाकडे आहे एवढे पाहून भागत नाही. प्रसंग कोणाच्या घरात घडतो आणि त्यात अज्ञान कोणाचे मानले जाते, हे पाहावे लागते. ‘बनगरवाडी’त मास्तर शिकला, ‘कोसला’त पांडुरंगावर शिकणे लादले गेले, आणि ‘कन्यादान’मध्ये नाथ शिकले ते फार उशिरा व मुलीच्या यातनांच्या मोलाने. वाङ्मयाच्या वर्गात ‘या शब्दाचा अर्थ तूच सांग’ असे विद्यार्थ्याला म्हणण्यास अध्यापकाला फारशी सामग्री लागत नाही. आपल्या अज्ञानाची कबुली तेवढी द्यावी लागते.