परतलेल्याचे वय

मोहल्ल्यावरच्या आमच्या मराठी कथांत बुजुर्ग आणि नौजवान अशा दोनच जाती दिसतात. बुजुर्ग ओटीवर तसबीह फिरवीत फोनची वाट पाहतो. नौजवान कुवेत-दुबईहून पैसा पाठवतो आणि आईबापांना विसरतो. एकाला अदब, दुसऱ्याला दोष. ही वाटणी लेखकाला सोयीची आहे, खरी नाही.

2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली. हजार पुरुषांमागे स्त्रिया 1,122. कर्ता पुरुष बाहेर, हे त्यावरून उघडच आहे. पण आखातात त्याला सहसा नागरिकत्व मिळत नाही. नोकरी सुटली की व्हिसाही जातो. अंगात जोर आहे तोवरच तिथे त्याला किंमत. आपल्या 2007च्या कायद्याने ज्येष्ठ व्हायला साठ वर्षे लागतात. हा पन्नाशीतच परततो. मुलांना पाहुणा, बापापुढे अजून पोरगाच. हे वय आमच्या कथांनी वगळले आहे.

मिरजोळीच्या हमीद दलवाईंच्या 'इंधन'चा (1965) निवेदकही वर्षानुवर्षांनी गावी परततो, तोही आजारी होऊन. आखाताचा तिथे संबंध नाही. दलवाईंच्या मतांशी ज्यांचे पटत नाही (आमच्यात ते थोडे नाहीत) त्यांनीही हे पाहावे, की तो घरातल्या वडीलधाऱ्यांना आदराच्या पडद्याआडून पाहत नाही. आम्ही वाचलेल्या आखातकथांत मात्र परतलेला माणूस विमानतळावरच संपतो. घरी आल्यावर कलमांचा सौदा कोण करतो, बाप की तो, एवढेही त्यांत सापडत नाही.