काठीच्या होळीपासून जहांगीरपर्यंत: बघायला शिकताना

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? ठीक.

आजचा विषय वरवर सरळ आहे. कला कळायला लागावी म्हणून काय करायचं? ह्याचं एक ठरलेलं उत्तर आहे, आणि आम्हीही ते गेली काही वर्षं शाळाशाळांतून देत आलोय. चित्रप्रदर्शनं बघा, चांगले सिनेमे बघा, हाताने काहीतरी करून बघा. उत्तर चूक नाही. पण नंदुरबार जिल्ह्यात हेच उत्तर देताना आमची जी फजिती झाली, तिच्यावर आज बोलायचं आहे. कारण ती फजिती फक्त आमची नाही, महाराष्ट्रातल्या एकूण कलाशिक्षणाचीच आहे असं आम्हाला वाटतं.

धडगावकडच्या एका शाळेत आम्ही दोन दिवसांचं शिबिर घेतलं. मुलं बहुतेक पावरा आणि भिल्ल, घरी पावरी नाहीतर भिली बोलणारी. आम्ही गेरू, पांढरा रंग आणि जाड कागद घेऊन गेलो होतो. 'आदिवासी कला' शिकवायची म्हणून काय, तर वारली! दोन त्रिकोण जोडून माणूस, गोल करून तारपा नाच. मुलांनी तासाभरात सुबक चित्रं काढून दिली. आम्ही खूश. दुपारी जेवताना सहज विचारलं, तुमच्यापैकी कोणाच्या घरी बुध्या झालंय कोणी? अर्ध्याहून जास्त हात वर. मग एक पोरगा उठून हातवारे करत टोप कसा बांधतात ते सांगायला लागला. बांबूच्या काड्या किती बारीक चिरायच्या, मोरपिसं कुठल्या बाजूने खोचायची, ओझं मानेवर येऊ नये म्हणून काय करायचं. सकाळभर न बोललेला पोरगा. आणि आमच्या पाठीमागे भिंतीला वाळत टांगलेली वारली चित्रं.

वारलीविषयी आमच्या मनात किंतु नाही. ती कला किती मोठी आहे हे वेगळं सांगायला नको. डहाणूकडे लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी तिकडे गेले, जिव्या सोमा म्हसे ह्यांचा हात त्यांनी ओळखला आणि ती चित्रं कागदावर, कापडावर, पुढे मुंबईच्या गॅलरीत आली. २०११ साली म्हसे ह्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रं नीट बघितली तर मासेमारीच्या एका जाळ्यात हजारो बारीक रेघा दिसतात, त्यातली एकही नुसती भरायची म्हणून भरलेली नाही. इथे गॅलरीने फार चांगलं काम केलं. पण त्याची पुढची पायरी अशी झाली की 'आदिवासी' म्हटलं की वारली हा शिक्का तयार झाला. शाळेची भिंत, सरकारी कचेरीचं कुंपण, हॉटेलचा जिना, बेडशीट. सातपुड्यातल्या मुलालाही आम्ही पालघर जिल्ह्यातला माणूस काढायला लावला आणि त्याला 'तुमची कला' म्हटलं. त्या मुलाने ते निमूट मान्य केलं, हे आम्हाला जास्त लागलं.

तर मग बुध्याकडे जरा नीट बघू. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. अक्कलकुवा तालुक्यात काठी नावाचं जुनं संस्थान होतं. तिथली राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. उंच बांबूचा दांडा उभा करतात, रात्रभर ढोल चालतात आणि होळी पेटते पहाटे. ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत गेलेली माणसं होळीला परत येतातच. त्याआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरलेले असतात. ज्यांचा नवस असतो ते पुरुष बुध्या होतात. आधी काही दिवस पालनी पाळायची, म्हणजे खाण्यापिण्याचे, झोपण्याचे निर्बंध. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि मोठाले घुंगरू.

आता ही रचना म्हणून बघा. वरचा भाग हलका, पसरट, वाऱ्यावर हलणारा. खालचा भाग जड, गोल, आणि आवाज करणारा. मधलं अंग ठिपक्यांनी फोडलेलं. अंधारात जाळाच्या उजेडात अंगाची कडा हरवते आणि ठिपके तेवढे हलताना दिसतात. शिवाय बुध्या दिसायच्या आधी ऐकू येतो. भोपळे एकमेकांवर आपटतात, घुंगरू वाजतात, मग गर्दीतून टोप वर येतो. पावलाचा ठेका चुकला तर कमरेचा आवाज चुकतो, म्हणजे वेष हाच वाद्य आहे. आणि होळी संपली की तो नाहीसा होतो. हे सगळं एका कलाकृतीचं वर्णन आहे. 'पारंपरिक वेशभूषा' ह्या दोन शब्दांत ते मावत नाही.

आता ह्याचे फोटो बघा. दरवर्षी मार्चमध्ये शेकडो येतात. जवळजवळ सगळे एकाच जातीचे. चेहरा जवळून, मोरपिसं वर पसरलेली, डोळे कॅमेऱ्याकडे, रंग जरा जास्तच चढवलेले. छातीपाशी कापलेला फोटो. म्हणजे भोपळे गेले. आवाज तर फोटोत नसतोच, पण आवाज कुठून येतो ती जागासुद्धा काढून टाकली! फोटोग्राफर वाईट नाहीत हो, कष्टाने रात्रभर उभे राहतात. पण त्यांनी बघायला जिथे शिकलं तिथे माणसाचं चित्र म्हणजे चेहरा. ती सवय ते बरोबर घेऊन आले आणि समोर जे होतं ते त्यात बसेल एवढं कापलं. आम्ही वारली घेऊन गेलो त्याहून हे फारसं वेगळं नाही.

सिनेमाकडून म्हणून आम्हाला जास्त आशा होती. सिनेमाला आवाज आहे, आणि मुख्य म्हणजे वेळ आहे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर सिनेमाचा आस्वाद शिकवत, 'पथेर पांचाली' तुकड्यातुकड्याने उलगडून दाखवत. ती पद्धत आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे उचलली. पाच मिनिटांचा तुकडा घ्यायचा. आधी आवाज बंद करून, मग चित्र झाकून नुसता आवाज, मग दोन्ही. तुकडा निवडला 'नर्मदा डायरी'तला. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू ह्यांचा १९९५चा माहितीपट, तासाभराचा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांचा, आपल्या मणिबेलीचा. हा माहितीपट कलेविषयी नाही, लढ्याविषयी आहे, आणि ते तो लपवत नाही. कधीकधी त्याची घाई जाणवतेही. माणूस बोलायला लागला की मुद्दा आला म्हणून पुढे जातो. पण तो नावाप्रमाणे रोजनिशी आहे. त्याच माणसांकडे परत परत जातो, आणि दर खेपेला आपण आधीचं आठवून पाहतो. असं परत जाणं हेच आस्वादाचं मूळ आहे. एकदा बघून 'आवडलं' म्हणणं सोपं आहे.

तळोदा तालुक्यात एका पुनर्वसित वसाहतीत आम्ही हा तुकडा दाखवला तेव्हा पोरांपेक्षा म्हातारी माणसं पुढे सरकून बसली. ती सिनेमा बघतच नव्हती, गाव ओळखत होती. एक आजोबा शेवटी म्हणाले, घर बाहेरून दाखवलंय, आमच्या घराची गंमत आत होती. आम्ही माहितीपटावर बरंच काही वाचलेलं आहे, पण इतकी नेमकी टीका वाचलेली नाही. त्यावर पोरांनी आतलं घर काढायला घेतलं. आजोबा सांगताहेत, नातवंडं काढताहेत. कणगी कुठे, चूल कुठे, गुरं कुठल्या बाजूला. त्या दिवशी आम्ही शिकवायचं काम सोडून दिलं होतं, आणि तोच आमचा सगळ्यात चांगला वर्ग झाला.

हाताने करण्याचंच बोलायचं तर महाराष्ट्रात त्याचा अर्थ आहे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी दिल्या असतील. ड्रॉइंग बोर्ड, टाचण्या, पाण्याचा डबा, आणि दहावीला वाढणारे गुण. आम्ही ह्या परीक्षांची टिंगल करणार नाही. वस्तुचित्राचा तास हा कित्येक मुलांच्या आयुष्यातला एकमेव तास असतो जेव्हा एका तांब्याकडे दोन तास बघावं लागतं. उजेड एका बाजूने येतो, काठ लंबगोल दिसतो, सावली तांब्याहून लांब पडते, हे तिथेच कळतं. अडचण आहे ती स्मरणचित्रात. नावात स्मरण आहे, पण मोलगीच्या मुलाला जे आठवतं ते कागदावर येत नाही. गाईडात असतं ते येतं: बागेत खेळणारी मुलं, फुगेवाला, एसटी स्टँड. घसरगुंडी न पाहिलेल्या मुलाने काढलेली घसरगुंडी आम्ही पाहिली आहे, अगदी बिनचूक. त्याला श्रेणीही चांगली मिळाली.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस ह्यांचं घर आहे, आता कलादालन झालेलं. मुंबईत जन्मलेला, लंडनला शिकलेला हा माणूस चाळीसगावात परत आला आणि उरलेलं जवळजवळ सगळं आयुष्य त्या घरात राहिला, १९८९ साली वारला. चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्या, पुष्कळ काही केलं. पण नाव झालं टेबलटॉप छायाचित्रणासाठी. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून अख्खा देखावा उभा करायचा आणि त्याचा फोटो घ्यायचा. फोटोत मैलभर पसरलेलं माळरान, प्रत्यक्षात दोन हाताचं टेबल.

नंदुरबारहून धुळ्यावरून हे एका दिवसात बघून होतं. आम्ही मुलांना नेलं. सुरुवातीला ती नेहमीसारखी भिंतीला लागून रांगेने चालली, प्रत्येक फोटोला तीन सेकंद. गॅलरीत कसं वागायचं ह्याची भीती मुलांना कोण शिकवतं कोण जाणे, पण सगळ्यांना ती येते. परत आल्यावर आम्ही एक टेबल, दोन बॅटऱ्या, पीठ, दगड, काटक्या एवढंच दिलं. तीन दिवस खटपट चालली. पीठ बर्फासारखं दिसेना, पिठासारखंच दिसे. बॅटरी वरून धरली की सगळं सपाट, अगदी खाली धरली की प्रत्येक खड्याची सावली डोंगराएवढी. एका मुलीने सातपुड्याची रांग उभी केली, जुन्या गोणपाटाची. मग पुढच्या महिन्यात आम्ही त्यांना पुन्हा चाळीसगावला नेलं. तीच दालनं, तेच फोटो. ह्या वेळी एकाच फोटोसमोर पाचसहा जणांचं भांडण, दिवा डावीकडे होता की मागे! आम्हाला सांगायचं होतं ते हे. हाताने केल्यावर परत बघायला जायचं. शाळेच्या सहली एकदाच निघतात आणि परत येऊन निबंध लिहायला लावतात, मग 'मला गॅलरी फार आवडली' असे साठ निबंध मिळतात.

जाता जाता प्रकाशाचं सांगतो. तापीकाठचं देवळांचं गाव म्हणून आपण जातो. १९५४-५५ मध्ये बी. के. थापर ह्यांनी तिथे उत्खनन केलं, त्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातली रंगवलेली मातीची भांडी सापडली. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ह्या जिल्ह्यात कोणीतरी मडक्याच्या गळ्याशी रेघ ओढताना हात स्थिर धरत होतं. जिल्ह्यातल्या मुलाला हे कोणत्याही चित्रकलेच्या पुस्तकात भेटत नाही.

मुंबईलाही गेलो. काळा घोडा, १९५२ पासूनची आपली जहांगीर. एका मोठ्या अमूर्त चित्रासमोर आमच्यातली एक मुलगी बराच वेळ उभी होती. तिथल्या चित्रकाराने कौतुकाने विचारलं, काय दिसतंय? ती म्हणाली, हे मोडणार कधी? तो हसला. आम्हीही आधी हसलो. मग लक्षात आलं, तिच्या घरी टोप होळीनंतर सोडतात. वस्तू ठेवून द्यायची, तिला काच लावायची, किंमत लिहायची, हे तिला नवीन होतं. गॅलरी ह्या कल्पनेवरचा हा मूळ प्रश्न आहे आणि तो तिने कुठलंही पुस्तक न वाचता विचारला. चित्रकाराने मात्र पुढे तिच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या, तेवढं श्रेय त्याला.

शेवटची गोष्ट, आणि मग तुमचे प्रश्न घेऊ. आता शिबिराला टोप बांधणाऱ्या दोघा जाणत्यांना शिकवायला बोलवायचं ठरवलंय, आमच्याइतक्याच मानधनावर. त्यासाठी एका ठिकाणी अर्ज केला. अर्जात तज्ज्ञाची शैक्षणिक पात्रता लिहायचा रकाना आहे. तिथे काय लिहायचं ह्यावर पत्रव्यवहार चालू आहे. त्यांचं म्हणणं, 'सहायक' म्हणून दाखवा, मग निम्मं मानधन बसतं. आम्ही अजून सही केलेली नाही. होळीला चार महिने आहेत, आणि दोघांपैकी एक जण ऊसतोडीला निघूनही गेलाय.