पत्त्यांतला सुरवंट आणि पुस्तकातली उत्क्रांती

नाशिकच्या मेन रोडवर काय किंवा कॉलेज रोडवर काय, शालेय साहित्याच्या दुकानात वह्या-पेनांच्या शेजारी चकचकीत पाकिटे टांगलेली असतात. आत पोकेमॉनचे पत्ते. मधल्या सुट्टीत त्यांची देवाणघेवाण चालते आणि पाचवीतली मुलेसुद्धा सहज म्हणतात, "माझा इव्हॉल्व्ह झाला!" हीच मुले पुढे दहावीत येतात आणि राज्य मंडळाच्या २०१८ च्या विज्ञानाच्या पुस्तकात, दुसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात, त्यांना उत्क्रांती भेटते. तोवर त्या शब्दाचा एक पक्का अर्थ त्यांच्या मनात बसलेला असतो. तो त्यांना आपण शिकवलेला नसतो, पत्त्यांनी शिकवलेला असतो. विज्ञानाच्या मासिकात एका खेळाचे परीक्षण करण्याचे कारण एवढेच.

खेळाची थोडी माहिती आधी घेऊ. सातोशी ताजिरी या जपानी माणसाला लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या नादातून १९९६ साली पोकेमॉनचा व्हिडिओ खेळ निघाला आणि त्याच वर्षी जपानात त्याचे पत्ते आले. इंग्रजी पत्ते १९९९ मध्ये निघाले. खरा खेळ दोघांत होतो आणि प्रत्येकाकडे साठ पानांची गड्डी असते. आपल्याकडे मात्र स्वस्त पाकिटांतून निघणाऱ्या पानांबरोबर नियम येत नाहीत. त्यामुळे बहुतेक मुले पानावरचा मोठा आकडा कोणाचा, एवढेच पाहून जिंकतात-हरतात. हे वाईट झाले, कारण या खेळातली विचार करण्याजोगी गोष्ट चित्रांत किंवा आकड्यांत नसून नियमांत आहे.

प्राण्याचे रूप बदलण्याचा नियम असा. काही पाने 'मूळ' असतात, ती थेट मांडता येतात. त्यावर 'पहिली अवस्था' आणि तिच्यावर 'दुसरी अवस्था' ठेवता येते. उदाहरणार्थ, कॅटरपी नावाच्या सुरवंटावर मेटापॉड हा कोष आणि कोषावर बटरफ्री हे फुलपाखरू. पान ज्या पाळीत मांडले, त्याच पाळीत त्याचे रूप बदलता येत नाही. एका पाळीत एकच पायरी. आधीच्या पानाला झालेली इजा नव्या पानावर तशीच राहते, त्याला जोडलेली ऊर्जेची पानेही राहतात. झोप, विषबाधा यांसारख्या तात्पुरत्या व्याधी मात्र रूप बदलताच जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आधीच्या अवस्थेतले डावपेच यानंतर वापरता येत नाहीत.

आता हे नियम हातात धरून परसातल्या कढीपत्त्यापाशी जाऊ. कढीपत्त्यावर आणि लिंबावर लिंबू फुलपाखराच्या अळ्या हमखास सापडतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. तिला काडीने हलकेच डिवचले, तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. कॅटरपीच्या चित्रात डोक्यावर काढलेला लाल फाटा याच अवयवाची आठवण करून देतो. चित्रकाराने किडे पाहिलेले आहेत यात शंका नाही.

या अळीचे फुलपाखरू होताना काय होते? वेळ जावा लागतो. पायऱ्या गाळता येत नाहीत. पाने कुरतडणारे जबडे जातात आणि रस शोषणारी सोंड येते, म्हणजे जुना डाव खरोखरच बंद होतो. अळीने खाऊन साठवलेली ऊर्जा कोषात आणि पुढे फुलपाखरात कामाला येते, म्हणजे जोडलेली ऊर्जेची पाने सोबत जातात. आणि अनुभव? अमेरिकेत २००८ साली तंबाखूवरच्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास आला की विजेचा सौम्य धक्का देण्यात आला. अळी अवस्थेच्या अखेरच्या टप्प्यात हा धडा मिळालेल्या अळ्यांचे पतंग झाल्यावरही ते तो वास टाळत होते. फार लहान वयात शिकवलेल्या अळ्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. कोषात शरीराची एवढी मोडतोड होऊनही काही आठवणी टिकल्या. पान बदलले, पण पानाखालचा प्राणी तोच राहिला. खेळाच्या नियमाने नेमके हेच पकडले आहे.

दुसरे उदाहरण पॉलिवॅगचे. हा बेडूकमासा. त्याच्या पोटावर एक वेटोळे काढलेले असते. ते नुसती नक्षी समजू नये. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडच्या भातखाचरांतून एखादा बेडूकमासा काचेच्या बरणीत घेऊन खालून पाहा, पातळ त्वचेतून आतड्याचे वेटोळे दिसते. शेवाळ खाणाऱ्याला लांब आतडे लागते. बेडूक होताना थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे ते आखूड होते, कारण बेडूक किडे खातो. (पाहून झाल्यावर त्याला त्याच पाण्यात सोडावे, हे सांगायला नकोच.)

तेव्हा परीक्षक म्हणून माझे मत असे की, हे नियम उत्तम आहेत. कीटकाचे किंवा बेडकाचे रूपांतरण इतक्या थोडक्या नियमांत बसवणे सोपे नाही. चूक आहे ती एका शब्दाची. ज्याला खेळ 'उत्क्रांती' म्हणतो, ते रूपांतरण आहे. एक प्राणी त्याच्या एका आयुष्यात बदलतो. उत्क्रांतीत एकटा प्राणी बदलत नाही, पिढ्यांमागून पिढ्या जाताना समूह बदलतो. त्यासाठी समूह लागतो, त्यात आधीपासूनचा थोडाथोडा फरक लागतो, संतती लागते आणि कोणाची संतती अधिक उरते यातही फरक पडावा लागतो. पोकेमॉनच्या पटावर पिल्ले होत नाहीत. पान बाद झाले की त्याखालच्या सगळ्या पानांसह टाकाऊ चळतीत जाते, मागे वारस राहत नाही. जिथे वारस नाही तिथे उत्क्रांती कुठून येणार?

हा शब्द चुकण्याला इतिहास आहे आणि त्यात सगळा दोष खेळाचा नाही. अठराव्या शतकात हालर, बॉने यांसारखे युरोपीय अभ्यासक 'इव्होल्यूशन' हा शब्द गर्भाच्या वाढीसाठी वापरत. गर्भात सगळे अवयव आधीच गुंडाळून ठेवलेले असतात आणि ते फक्त उलगडतात, अशी त्यांची कल्पना होती. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही उलगडणे असाच. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत हे नाम आढळत नाही, केवळ त्याचे क्रियापद अगदी शेवटचा शब्द म्हणून येते. म्हणजे पोकेमॉनने नकळत शब्दाचा जुना, डार्विनपूर्व अर्थ उचलला. जपानी भाषेतल्या शब्दात तर 'पुढे जाणे' आणि 'बदल' अशी दोन अक्षरे जोडलेली आहेत. आपण हसण्याचे कारण नाही. आपल्या 'उत्क्रांती'तला 'उत्' काय सांगतो? वर. वर टाकलेले पाऊल. शब्दातच शिडी उभी केली, तर मुलाने जिना का चढू नये?

खेळ खरोखर घसरतो तो याच शिडीवर. एका पानाने मूळ अवस्थेवरून थेट दुसऱ्या अवस्थेवर उडी मारता येते. १९९९ च्या संचातल्या एका फवाऱ्याच्या पानाने प्राणी पायरी उतरून मागे जातो. दर वेळी पुढची अवस्था बहुधा अधिक बलवान. त्याच वर्षीच्या जीवाश्मांच्या संचात तर 'गूढ जीवाश्म' हे पान मूळ पान असल्यासारखे मांडायचे असते आणि त्यावर ओमनाइट किंवा काबुटो ही पहिली अवस्था म्हणून ठेवायची. दगड 'उत्क्रांत' होऊन जिवंत प्राणी होतो! ओमनाइटचे शंख पाहिले की अमोनाइट आठवतात, म्हणजेच तुळशीच्या लग्नात आपण मांडतो त्या शाळिग्रामातला प्राणी. त्या प्राण्यांचा वंश सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला. जीवाश्म हा वंशवृक्षाचा पुरावा असतो, पुढच्या अवस्थेची सुरुवात नसते. हे पान मला साऱ्या खेळात सर्वांत कच्चे वाटते.

गंमत अशी की, खरी उत्क्रांती या खेळात आहे, फक्त तिला तसे कोणी म्हणत नाही. २०१६ मध्ये अलोला नावाच्या बेटांची मालिका आली. व्हल्पिक्स हा तांबूस, आगीचा कोल्हा. त्यातले काही या बेटांवरच्या बर्फाळ डोंगरावर गेले आणि तिथे पांढरे, बर्फाचे कोल्हे झाले. वेगळे ठिकाण, वेगळी परिस्थिती, वेगळा झालेला समूह. डार्विनला गॅलापॅगोस बेटांवर पडलेला प्रश्न तो हाच. खेळात याला 'प्रादेशिक रूप' म्हणतात आणि ते पान मूळ पान म्हणून थेट मांडायचे असते, तांबड्या व्हल्पिक्सवर ठेवायचे नसते. नियम पुन्हा बरोबर! नाव तेवढे चुकलेले.

शिडीचा मोह आपल्या घरातही आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशे वीस. मत्स्याचे पान कूर्माचे होते असा नियम तिथे नाही. प्रत्येक अवतार आपापल्या राजा-प्रधानासह स्वतंत्र रंग म्हणून उभा असतो. पण आपल्या भाषणांतून आणि कधीकधी वर्गातूनही हे दहा रंग एका रांगेत लावले जातात आणि 'हीच उत्क्रांती' असे सांगितले जाते. श्रद्धेचा विषय वेगळा. गोंधळ होतो तो जीवशास्त्राच्या तासाला. मासा कासव होतो, कासव वराह होतो अशी साखळी मुलाच्या डोक्यात बसते आणि मग 'माकडापासून माणूस झाला, तर माकडे अजून कशी?' हा प्रश्न दरवर्षी येतो. आजचा मासा आणि आजचे कासव हे एका झाडाच्या दोन फांद्यांची टोके आहेत.

मुलांचे पाठांतर कमी पडते असे मात्र कोणी म्हणू नये. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००२ साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी मुलांना चित्रांची पाने दाखवली. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन जवळजवळ ८० टक्के ओळखले, तर परिसरातले प्राणी-वनस्पती निम्म्याहून थोडेच अधिक. त्याच अभ्यासातून स्फूर्ती घेऊन कॅनडात डेव्हिड एन्ग यांनी २०१० साली खऱ्या सजीवांच्या पत्त्यांचा 'फायलो' हा खेळ सुरू केला. उलट आपल्याकडे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच गेला आणि १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी सह्या करून त्याला हरकत घेतली. ज्या मुलाला पुस्तकात उत्क्रांती भेटणारच नाही, त्याच्याकडे पत्त्यांतला अर्थ तेवढा उरेल.

हे दोन्ही अर्थ वेगळे करायला मला सह्याद्रीतला झुडपी बेडूक सर्वांत उपयोगी वाटतो. आंबोलीच्या नावाने ओळखला जाणारा एक याच गटातला आहे. या बेडकांच्या अंड्यातून बेडूकमासा बाहेर येत नाही, थेट इवलासा बेडूकच येतो. मोकळ्या पाण्यात पोहण्याची अवस्था त्यांच्या वंशात पिढ्यांच्या ओघात गळून गेली. पत्त्यांच्या भाषेत सांगायचे, तर पॉलिवॅगचा बेडूक होणे हे रूपांतरण आणि गड्डीतून पॉलिवॅग हे पानच नाहीसे होणे ही उत्क्रांती. आठवीच्या मुलालाही हे पटकन कळते, आणि त्याच्या खिशातले पान आपण मागून घेतले तर आणखी पटकन.

पत्त्यांवरच खेळायचे असेल, तर वर्गात पुढील खेळ करता येईल. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर रंग देऊन बोटभर आकाराचे वीस हिरवे आणि वीस मातकट तुकडे करा. मैदानाच्या वाळक्या गवताच्या कोपऱ्यात ते विखरा. चार मुले पक्षी होतील. शिट्टी वाजल्यापासून पंधरा सेकंदांत दिसतील ते तुकडे त्यांनी उचलायचे. उरलेले मोजा आणि प्रत्येक उरलेल्या तुकड्यामागे त्याच रंगाचा एक नवा तुकडा टाका. असे तीन-चार डाव करून प्रत्येक डावाचे आकडे फळ्यावर मांडा. मग मुलांना विचारा, कोणत्या तुकड्याने रंग बदलला? पावसाळ्यानंतर गवत हिरवे असताना हाच खेळ पुन्हा घ्या आणि पहिले आकडे तोवर वहीत जपून ठेवा. खेळ संपल्यावर मैदानातले तुकडे मुलांकडूनच वेचून घ्यावेत, नाहीतर पुढच्या वर्गाची मोजणी चुकते.